वाळूशेठचे नवे ब्रेक

भाऊसाहेबांच्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत, ही गोष्ट भाऊसाहेबांच्या आधी वाळूला कळली.

रेसच्या ट्रॅकवर लांबलचक सरळ पट्टा संपून रस्ता जिथे एकदम उजवीकडे वळतो, तिथे वळण न जमणाऱ्यांच्या सोयीसाठी वाळूचा एक मोठा खड्डा केलेला असतो. महिन्यातून एका रविवारी हा ट्रॅक तुमच्याआमच्यासारख्यांना खुला करतात. आपली गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि हौस फिटेपर्यंत पळवायची. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, नुसती हौस. तर त्या रविवारी पट्ट्याच्या टोकाला भाऊसाहेबांनी ब्रेक दाबला, पेडल थेट तळाला गेलं, आणि आपल्या लाल, दोन दारांच्या, जुन्या पण घरंदाज स्पोर्ट्स कारसकट भाऊसाहेब वाळूत जाऊन बसले. दार उघडेना. मग ट्रॅक्टर आला, दोर बांधला गेला, आणि नेमक्या त्याच वेळी एक निवृत्त गणिताच्या बाई आपली छोटी पांढरी गाडी घेऊन शेजारून गेल्या. जाताना त्यांनी हात हलवला. भाऊसाहेबांना वाळूपेक्षा तो हात जास्त लागला. संध्याकाळी ते निघाले तेव्हा सगळा ट्रॅक त्यांना वाळूशेठ म्हणत होता.

भाऊसाहेबांबद्दल इथे एवढंच सांगायला हवं, की ते एका मोठ्या कार्यालयात आस्थापना विभागाचे प्रमुख होते. म्हणजे रजा, हजेरी आणि बदल्या. रिकामं बसलेलं कोणी त्यांना बघवत नसे. आवक-जावकमधला एक कारकून एकदा खिडकीबाहेर बघताना सापडला, तर त्याच्याकडून त्यांनी कार्यालयातल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा मोजून घेतल्या होत्या. त्या माहितीचं पुढे काय झालं हे विचारू नये. माणूस कामाला लागला, हे महत्त्वाचं.

घरी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दार उघडलं आणि त्यांना नखशिखांत न्याहाळलं. वहिनी ग्रंथालयात नोकरीला होत्या आणि घरची दुसरी, साधी गाडी रोज मुकाट्याने चालवत होत्या. त्या दिवशी त्या ट्रॅकवर प्रेक्षकांच्या गच्चीत बसून सगळं बघून आपल्या गाडीने आधीच घरी पोचल्या होत्या.

"कुठे लागलं नाही ना?"

"नाही."

"मग आता ऐका. आणखी एकदा ही गाडी वाळूत गेली, तर ती माझ्या भावाला द्यायची. तो केव्हाचा मागतोय. तो आपला सावकाश फिरवेल तरी."

मेहुणा कोचावर बसून चहा पीतच होता. तो म्हणाला, "पिवळा रंग दिला तर कशी दिसेल गं, ताई?"

भाऊसाहेब जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर मंजुरीच्या सह्या करत आले होते आणि स्वतःच्या प्रत्येक गोष्टीसाठी वरच्या साहेबाची सही मागत आले होते. ही गाडी तेवढी त्यांनी कोणालाही न विचारता घेतली होती. ती त्यांना मनापासून आवडत होती. ती पिवळी होऊन मेहुण्याच्या दारात उभी राहणार, ही कल्पनाच त्यांना सहन होईना.

"वरून दिसत मात्र छान होती हं," वहिनी जरा नरमून म्हणाल्या. "मागचे लाल दिवे कसे अख्खी फेरी लागलेले होते. बाकीच्यांचे आपले वळण आलं की तेवढ्यापुरते लागायचे."

"स्पोर्ट्स कारचं तसंच असतं," भाऊसाहेब म्हणाले. अडाणी माणसाला समजावताना आवाजात जी माया आणावी लागते, ती त्यांनी आणली होती.

ब्रेक बदलायचं ठरलं. पण स्वस्तात. दुकानात मिळणारा परदेशी संच गाडीपेक्षा महाग होता, आणि ब्रेक विकत घेऊन वर त्यांना गाडी जोडण्याइतके भाऊसाहेब श्रीमंत नव्हते. मग सल्ले सुरू झाले. सल्ला फुकट मिळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी भाऊसाहेबांना भेटावं.

पहिला सल्ला जिन्यातच मिळाला. वरच्या मजल्यावर राहणारे दातांचे डॉक्टर म्हणाले, "सगळा खेळ पॅडांचा. चाकात चकती फिरते, तिला दोन्ही बाजूंनी पॅडं चावतात. चावा कच्चा असेल तर ब्रेक लागणार कसा? मी रोज तेच बघतो." भाऊसाहेबांचा एक दात त्या वेळी डॉक्टरांकडे अर्धवट कोरून, वर तात्पुरतं सिमेंट लावून ठेवलेला होता, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

खालच्या मजल्यावर पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनिअर राहत. ते म्हणाले, "पॅडं राहू द्या हो. तेल बघा आधी. तुम्ही पेडल दाबता, तो जोर पाइपातलं तेल चाकापर्यंत नेतं. ते तापून उकळलं की बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ पडतं. माझ्या पाइपात हवा शिरली की अख्खं गाव बोंबलायचं."

तिसरा गॅरेजवाला. तो म्हणाला, "चकतीच मोठी टाका साहेब, विषय संपला." मग चाक उघडून त्याने पॅडं बाहेर काढली आणि डोकं खाजवलं. "ही तर मागच्या खेपेला नवी घातली होती. इतक्यात गुळगुळीत? गाडी ब्रेक दाबूनच चालवता की काय?" आणि तो आपल्याच विनोदावर मनसोक्त हसला. भाऊसाहेबांना गॅरेजमध्ये विनोद आवडत नसत.

तिघांपैकी कोणालाच दुखवायचं नाही, म्हणून भाऊसाहेबांनी तिघांचंही ऐकायचं ठरवलं. इथूनच त्यांची साडेसाती सुरू झाली.

आधी पॅडं आली. खास रेसची, कुणीतरी वापरून कंटाळलेली, म्हणून स्वस्त. या पॅडांची खोड अशी की ती तापल्याशिवाय धरत नाहीत. सकाळी थंड गाडी घेऊन भाऊसाहेब कार्यालयाच्या फाटकाशी आले, ब्रेक दाबला, आणि गाडी सावकाश, अगदी शांतपणे, रखवालदाराची रिकामी खुर्ची ढकलत आत गेली. रखवालदाराने सलाम केला, पण तो नेहमीच्या सलामापेक्षा बराच लांबून होता. आणि किंचाळणं! ब्रेक मारला की ती पॅडं किंचाळत, आणि ब्रेक न मारताही बारीक कुरकुरत राहत. त्याचा फायदा कार्यालयातल्या सगळ्यांना झाला. भाऊसाहेबांची गाडी कोपऱ्यावर आली की चहाचे पेले टेबलाखाली जात, वर्तमानपत्रं मिटत, आणि साहेब आत येईपर्यंत विभागात कामाचा असा काही झपाटा सुरू झालेला असे, की भाऊसाहेबांना बदली करायला माणूस सापडेना. हा त्यांच्या अधिकारावरचा घाला होता, पण तक्रार करायची कोणाकडे? आस्थापना विभागाचे प्रमुख तेच.

मग मोठ्या चकत्या. त्या एका मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीच्या मिळाल्या. बसल्या छान, पण त्यांच्यावर जुनं चाक बसेना. म्हणून मोठी चाकं घेतली. त्यांना मोठे टायर लागले. ते वळताना वरच्या पत्र्याला घासायला लागले, म्हणून गॅरेजवाल्याने पत्रा आतून ठोकून वळवला. ठोकताना हेडलाइटची काच तडकली. आता हेडलाइट आणि ब्रेक यांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न वहिनींनी जेवताना विचारला. भाऊसाहेबांनी तो सविस्तर समजावून सांगितला. सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्यालाही तो नीटसा पटलेला नाही.

राहिलं तेल. ते घरीच बदलायचं ठरलं, कारण गॅरेजवाल्याला आणखी काही ठोकायची संधी द्यायची नव्हती. हे काम दोन माणसांचं. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी पालथं पडून नट सैल करायचा, जुनं तेल बुडबुड्यांसकट बाहेर येऊ द्यायचं, आणि नट आवळल्याशिवाय वरच्याने पाय उचलायचा नाही. दोघांनी भांडण न करता हे काम पार पाडल्याचं कोणी सांगितलं, तर त्यांचं लग्न झालेलं नसणार.

"दाब," भाऊसाहेब चाकाखालून म्हणाले.

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड... अगं, मी म्हटल्यावर सोड!"

"तुम्ही म्हणालात की सोड!"

"ते मी नटाला म्हणालो!"

"मग नटाला 'अहो नट' म्हणा, म्हणजे मला कळेल."

संपूर्ण दुपार हे चाललं. वहिनींचा पाय भरून आला. पण एवढ्या वेळात ते पेडल कुठून कुठे जातं, किती बोटं खाली गेलं की जड होतं, नुसता पाय टेकला तरी कसं किंचित खाली बसतं, हे सगळं त्यांना पाठ झालं. "याला नुसता स्पर्श झाला तरी कळतं हो," त्या म्हणाल्या. भाऊसाहेब तेव्हा डोळ्यात गेलेलं तेल पुसत होते, त्यामुळे त्यांनी लक्ष दिलं नाही.

उरलेल्या तेलाचा डबा त्यांनी हात मोकळे करायला शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. ब्रेकचं तेल रंग खातं, हे भाऊसाहेबांना त्या दिवशी कळलं. डबा कलंडला होता, आणि बॉनेट दातांच्या डॉक्टरांचं होतं. सकाळी डॉक्टर खाली आले तेव्हा त्यांच्या नव्या कोऱ्या गाडीच्या कपाळावरचा रंग सुरकुतून सोलला होता.

"पॅडं सांगितली होती मी तुम्हाला, पॅडं!" डॉक्टर ओरडले. "तेलाचा सल्ला खालच्यांनी दिला, आणि बॉनेट माझं?"

भाऊसाहेबांनी रंग लावून देण्याचं कबूल केलं, हात जोडले, शेवटी दाताचा विषय काढला.

"तो राहू द्या तसाच," डॉक्टर म्हणाले. "तात्पुरतं सिमेंटही बरंच टिकतं."

तेव्हापासून भाऊसाहेब डाव्या बाजूने जेवायला लागले. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण खालच्या इंजिनिअरांनी मोठी चाकं पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "याची वाहन कार्यालयाकडून मंजुरी घेतलीत ना?"

मंजुरी! जिला कोणाची सही लागली नव्हती अशी आयुष्यातली एकमेव वस्तू घेऊन भाऊसाहेब वाहन कार्यालयाच्या रांगेत उभे राहिले.

"काय बदललंत?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"ब्रेक."

"आधीचे चालत नव्हते?"

"तसे चालत होते."

"मग बदललेत कशाला?"

"म्हणजे, नीट चालत नव्हते."

"नीट चालत नसताना गाडी रस्त्यावर आणत होतात?"

इतकी वर्षं भाऊसाहेब स्वतः असेच प्रश्न विचारत आले होते, पण इतक्या कमी शब्दांत माणसाला कोपऱ्यात गाठणं त्यांना कधी साधलं नव्हतं. त्यांना राग आला आणि आदरही वाटला.

"जुने ब्रेक दाखवा," बाई म्हणाल्या.

"ते भंगारात दिले."

"मग बदल झाला हे कशावरून?"

शेवटी तपासनीस साहेब स्वतः शेजारी बसून आवारात भाऊसाहेबांना गाडी चालवायला लावून बघणार असं ठरलं. थंड पॅडं! भाऊसाहेबांनी विनवणी केली, की आधी चार चकरा मारू द्या, हे ब्रेक तापावे लागतात. "ब्रेक तापावे लागतात?" तपासनिसांनी हा प्रश्न ज्या स्वरात विचारला, त्याच स्वरात ते पुढचा सगळा वेळ बोलले. चकरा झाल्या. ब्रेक तापले मात्र विलक्षण लवकर, भाऊसाहेबांनाही नवल वाटावं इतके. मग भाऊसाहेबांनी जोरात ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, तपासनीस साहेब सीटच्या पट्ट्यात लटकले, आणि त्यांचा चष्मा काचेवर आपटून पायाशी पडला.

"लागतात," ते चष्मा चाचपडत म्हणाले, आणि मंजुरी मिळाली.

ट्रॅकचा रविवार उजाडला. वहिनी आल्या. मेहुणाही आला, आणि येताना रंगाच्या दुकानातून पिवळ्याच्या छटांचं कार्ड घेऊन आला. तो वाळूच्या खड्ड्याजवळ कठड्याला टेकून उभा राहिला. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं. हेल्मेट चढवलं, दुखरा दात जिभेने एकदा चाचपला आणि गाडी ट्रॅकवर घेतली.

पहिल्या फेऱ्या झकास गेल्या. गाडी सरळ पट्ट्यावरून निघे, टोकाला ब्रेक लागे, वळण मिळे. भाऊसाहेबांना वाटलं, सगळ्याचं चीज झालं. आणि मग तो वास आला. जळकट, ओळखीचा. पुढच्या चाकांतून धूर निघाला. टोकाला ब्रेक दाबला तर पेडल पुन्हा खाली, खोल, मऊ. भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग ओढलं, गाडी फेंगडी झाली, गरगरत काठावर जाऊन थांबली. पुढचं डावं चाक वाळूत रुतलं होतं.

"गेली! ताई, गेली!" मेहुणा कार्ड हलवत धावला.

"एक चाक गेलंय," वळणावर गाड्यांना इशारे द्यायला उभा असलेला ट्रॅकचा झेंडेवाला म्हणाला.

"एक चाक म्हणजे गाडी नव्हे!" भाऊसाहेब काच खाली करून गरजले. "उंबऱ्यात एक पाय ठेवला म्हणून आमच्या कार्यालयात कोणी हजर धरला जात नाही!"

मेहुणा बहिणीकडे वळला. वहिनी गच्चीतून उतरून आल्या होत्या. त्यांनी चाकाकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हेल्मेटमधल्या त्या चेहऱ्यावर आता राग नव्हता. लहान मुलाचं खेळणं काढून घेताना जे दिसतं, ते दिसत होतं.

"हे मोजायचं नाही," त्या म्हणाल्या. "ब्रेक निवू दे. मग मी बसते शेजारी. मलाही बघू दे, ती का थांबत नाही ते."

गाडी बाहेर ओढून तपासली. गारेगार झाल्यावर पेडल पुन्हा टणक झालं, आणि झेंडेवाल्याने परवानगी दिली. कुणाचं तरी हेल्मेट घालून वहिनी बसल्या. सगळ्यांना वाटलं, त्या घाबरून डोळे मिटून घेतील. पण वहिनी रस्त्याकडे बघतच नव्हत्या. सरळ पट्टा लागला, गाडी वेग घ्यायला लागली, आणि वहिनींची नजर खाली पेडलवर होती. ते किंचित, अगदी किंचित, खाली बसलेलं होतं.

"अहो," त्या इंजिनापेक्षा वर आवाज चढवून म्हणाल्या, "हा डावा पाय ब्रेकवर काय करतोय?"

"कुठला?"

"डावा! तुम्हाला किती आहेत?"

"तो नुसता टेकवलाय. गाडी ऑटोमॅटिक आहे, क्लच नाही. मग त्याला काही काम नको? रिकामाच बसला होता, म्हणून त्याला ब्रेकवर नेमलाय."

"कधीपासून?"

"गाडी घेतल्यापासून."

"म्हणजे उजवा पाय गाडी पळवतोय, आणि डावा तिला सारखा धरून ठेवतोय? अहो, मग ब्रेक तापतील नाही तर काय होईल? म्हणून ते दिवे सारखे लागलेले होते! उचला तो!"

"अगं, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने..."

"उचला म्हणते ना! ब्रेक उजव्यानेच मारा."

भाऊसाहेबांनी पाय उचलला. गाडी अशी काही सुटली, की इतके दिवस कुणीतरी तिला मागून दोरीने धरून ठेवलं होतं असं वाटावं. टोकाला त्यांनी उजव्या पायाने ब्रेक दाबला. गाडी वळणाच्या इतकी आधी थांबत आली, की मागून गणिताच्या बाई ओलांडून गेल्या आणि त्यांनी पुन्हा हात हलवला. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणखी झाल्या. धूर नाही. वास नाही. पेडल टणक. दिवे वळणापुरते.

भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढून पॅडं गेली, चकत्या गेल्या, मोठी चाकं, तडकलेली काच, सोललेलं बॉनेट, खिडकीतल्या बाई आणि स्वतःचा दात, सगळं रांगेने गेलं. जुने ब्रेक भंगारात पडले होते, आणि ते उत्तम होते. जन्मभरात एकच जण फुकट बसवून ठेवायला हवा होता, आणि नेमकं त्यालाच त्यांनी काम दिलं होतं.

"हे कोणाला..." ते क्षीण आवाजात म्हणाले.

"सांगणार नाही," वहिनी म्हणाल्या. "माझ्या भावालाही नाही. गाडी आपल्याकडेच राहील. लाल."

भाऊसाहेबांनी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट वर केलं आणि काहीतरी चांगलं बोलायला तोंड उघडलं.

"सरका आता तिकडे," वहिनी दार उघडत म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मी चालवते. ते सांगायचं नाही ना कोणाला?"

भाऊसाहेब सरकले. दुसरा काही मार्गच नव्हता. वहिनींनी आरसा नीट केला, सीट पुढे ओढली, डावा पाय एका बाजूला व्यवस्थित ठेवून दिला आणि गाडी ट्रॅकवर घातली. कठड्याशी मेहुणा पिवळं कार्ड हातात धरून आ वासून बघत राहिला. सरळ पट्टा आला. वहिनी वेग वाढवत राहिल्या. वळण जवळ आलं, वाळू जवळ आली, गणिताच्या बाई मागे पडल्या, आणि वहिनींनी अजून ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावला नव्हता. भाऊसाहेबांचे दोन्ही पाय पुढच्या मॅटवर, होते नव्हते तेवढ्या जोराने गच्च दाबले गेले. तिथे काहीच नव्हतं, नुसतं मॅट होतं.

वहिनींनी अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक मारला, वळण अलगद घेतलं आणि एकदा शेजारी, खाली, त्यांच्या पायांकडे नजर टाकली.

"चला," त्या म्हणाल्या, "दोघांनाही काम मिळालं."